घोट्याचे संधिदर्शन : तंत्रिका व सुरक्षित प्रवेशमार्ग

घोट्याभोवतीच्या त्वचेत सु. अर्धा सेंमी. लांबीचे छेद घेऊन त्यांपैकी एकातून नळीसारखे बारीक, प्रकाशयुक्त उपकरण सांध्यात घालणे, आतील भागांचे चित्र पडद्यावर पाहणे आणि जरूर तर दुसऱ्या छेदातून घातलेल्या हत्यारांनी तेथेच उपचार करणे, या शस्त्रक्रियेस घोट्याचे संधिदर्शन म्हणतात. या उपकरणास संधिदर्शक आणि त्याच्या वा हत्यारांच्या प्रवेशासाठी केलेल्या छेदास प्रवेशछिद्र म्हणतात. सांध्याच्या पोकळीत सुटे पडलेले हाडाचे वा उपास्थीचे (कूर्चेचे) तुकडे काढणे, घोट्याच्या हाडावरील उपास्थीच्या क्षतीवर उपचार करणे, सांध्याच्या पुढील कडेवर वाढलेले हाड तासणे, सुजलेल्या संधिकलेचा भाग काढून टाकणे, तसेच अतिशय झिजलेला सांधा कायमचा जखडून टाकणे इ. कारणांसाठी ही शस्त्रक्रिया केली जाते.

सांधा पूर्ण उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या मानाने या पद्धतीत छेद लहान असतो, वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर चालू लागतो. मात्र या लाभाबरोबर एक अडचणही येते. संधिदर्शकातून दिसतो तो सांध्याचा अंतर्भाग होय. त्वचा आणि संधिसंपुट (सांध्याभोवतीचे पिशवीसारखे आवरण) यांच्यामधील थर त्यातून दिसत नाही आणि लहान छेदातून तो डोळ्यांनी पाहताही येत नाही. नेमक्या याच थरातून तंत्रिका (मज्जातंतू), नीला व कंडरा जातात. त्यामुळे या शस्त्रक्रियेतील जोखमीचा क्षण सांध्याच्या आत काम करतानाचा नसून बहुतांशी आत शिरण्यापूर्वीचा असतो. या शस्त्रक्रियेतील उपद्रवांत तंत्रिकांच्या इजेचे प्रमाण सर्वांत अधिक आढळते आणि तिचा प्रतिबंध हा मुख्यतः शारीराच्या (शरीररचनाशास्त्राच्या) ज्ञानाचा प्रश्न आहे.

इतिहास : टोकिओ येथील केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयरोगाने ताठरलेल्या गुडघ्यामुळे जमिनीवर बसण्याची रीत असलेल्या जपानी समाजात रुग्णाचे जीवन अवघड होई. हा रोग लवकर ओळखता यावा, हा त्यांचा हेतू होता. स्वित्झर्लंडमधील ऑयगेन बिर्खर यांनी १९२१ मध्ये रुग्णांच्या गुडघ्यांच्या अशा तपासणीचे अनुभव प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क येथील मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या अनेक सांध्यांचे परीक्षण केले. तथापि घोट्यातील फट फारच अरुंद असल्याने तो सांधा या तपासणीस योग्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तत्कालीन उपकरणांची जाडी पाहता हा निष्कर्ष वावगा नव्हता. ताकागी यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९७० च्या सुमारास सु. १.७ मिमी. व्यासाचा संधिदर्शक वापरात आणला आणि १९७२ मध्ये घोट्याच्या २८ संधिदर्शनांची माहिती सादर केली. पुढे दूरचित्रवाणी कॅमेरा, प्रकाशवाही तंतू व बारीक हत्यारे यांची भर पडल्याने ही शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली. नेदर्लंड्समधील सी. नीक व्हान डाइक व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये रुग्णास पालथे झोपवून टाचेच्या मोठ्या कंडरेच्या दोन्ही बाजूंनी घोट्याच्या मागील भागात शिरण्याची पद्धत वर्णिली. सांध्याच्या अरुंदपणावर उपकरणांनी अशा रीतीने मात केली. तंत्रिकांचा प्रश्न मात्र उपकरणे बारीक झाल्याने सुटला नाही.

सांध्याची रचना : अंतर्जंघास्थी (नडगीचे जाड हाड) व बहिर्जंघास्थी (तिच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड) यांच्या खालच्या टोकांनी बनलेल्या खाचेत टॅलस हे पावलाचे सर्वांत वरचे हाड बसून घोट्याचा सांधा तयार होतो. अंतर्जंघास्थीचा खाली उतरलेला उंचवटा म्हणजे आतील घोटा आणि बहिर्जंघास्थीचे टोक म्हणजे बाहेरील घोटा. बाहेरील घोटा आतील घोट्यापेक्षा खाली व किंचित मागे असतो. सांध्याच्या पुढील बाजूस स्नायूंचा मांसल भाग जवळजवळ नसतो. तेथे केवळ कंडरा, वाहिन्या व तंत्रिका असून त्यांवर त्वचा व थोडी चरबी असते. त्यामुळे सांधा बोटांनी सहज चाचपता येतो, परंतु त्याच कारणाने त्या जागी तंत्रिकांना संरक्षण असे उरत नाही.

घोट्याभोवतालच्या तंत्रिका : घोट्यावरून पाच तंत्रिका पावलात उतरतात. त्यांपैकी चार आसन तंत्रिकेपासून (मांडीच्या मागून उतरणाऱ्या जाड तंत्रिकेपासून) आणि एक ऊरू तंत्रिकेपासून (मांडीच्या पुढील भागातील तंत्रिकेपासून) निघते.

(१) उत्तान बहिर्जंघा तंत्रिका : सामाईक बहिर्जंघा तंत्रिका गुडघ्याच्या खाली बहिर्जंघास्थीच्या मानेला वळसा घालते आणि तेथे तिच्या उत्तान व गभीर अशा दोन शाखा होतात. उत्तान शाखा पोटरीच्या बाहेरील कप्प्यातून खाली येते, पायाच्या खालच्या तृतीयांशात प्रावरणी (स्नायूंवरील तंतुमय आवरण) भेदून त्वचेखाली येते आणि घोट्याच्या वर काही सेंमी. अंतरावर तिचे दोन फाटे होतात. आतील फाटा पावलाच्या पाठीवरून अंगठ्याची आतील कड आणि दुसऱ्या व तिसऱ्या बोटांच्या एकमेकींसमोरील कडा यांच्याकडे जातो. मधला फाटा घोट्याच्या बाहेरच्या अर्धावरून तिरकस उतरून तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या बोटांकडे जातो. हे नेहमीचे चित्र झाले. काही व्यक्तींत दोन्ही फाटे वरच अलग होऊन निरनिराळ्या ठिकाणी प्रावरणी भेदतात. त्यामुळे पुस्तकातील आकृतीवरून अमुक रुग्णात तंत्रिका अमुक जागीच असेल, असे धरून चालता येत नाही.

(२) गभीर बहिर्जंघा तंत्रिका : ही पायाच्या पुढील कप्प्यातून अग्र अंतर्जंघा रोहिणीच्या सोबतीने उतरते. सांध्याच्या पातळीवर ही जोडी अंगठ्याच्या प्रसारक (वर उचलणाऱ्या) स्नायूची कंडरा आणि बोटांच्या लांब प्रसारक स्नायूच्या कंडरा यांच्यामध्ये, संधिसंपुटाच्या लगत पुढे असते. पहिल्या व दुसऱ्या बोटांमधील बेचक्याची संवेदना या तंत्रिकेमुळे होते. पावलाच्या पाठीवर हाताला लागणारी नाडी याच रोहिणीच्या पुढील भागाची होय.

(३) सॅफेनस तंत्रिका : ऊरू तंत्रिकेची ही लांब त्वचीय शाखा मोठ्या सॅफेनस नीलेच्या सोबतीने आतील घोट्याच्या पुढून पावलाच्या आतील कडेकडे जाते. नीला बहुधा त्वचेतून दिसते व ती तंत्रिकेची खूण ठरते.

(४) स्यूरल तंत्रिका : पोटरीच्या मागील भागात दोन मुळांच्या संयोगाने ही बनते. लहान सॅफेनस नीलेबरोबर ती टाचेच्या मोठ्या (अकिलीस) कंडरेच्या बाहेरून व बाहेरील घोट्याच्या मागून वळून पावलाची बाहेरील कड व करंगळी यांच्याकडे जाते.

(५) अंतर्जंघा तंत्रिका : आतील घोट्याच्या मागे पुढून मागे या क्रमाने पश्च अंतर्जंघा स्नायूची कंडरा, बोटांच्या लांब आकुंचक (वाकविणाऱ्या) स्नायूची कंडरा, पश्च अंतर्जंघा रोहिणी व तिच्या नीला, अंतर्जंघा तंत्रिका आणि अंगठ्याच्या लांब आकुंचक स्नायूची कंडरा असतात. तळव्याची संवेदना आणि तळव्यातील लहान स्नायूंचे चलन या तंत्रिकेवर अवलंबून असल्याने तिची इजा सर्वांत गंभीर ठरते.

पुढील प्रवेशछिद्रे : बहुतेक शस्त्रक्रिया पुढील दोन छिद्रांतून होतात. आतील अग्र छिद्र सांध्याच्या पातळीवर अग्र अंतर्जंघा स्नायूच्या कंडरेला लागून तिच्या आतील बाजूस करतात. पाऊल वर उचलले असता ही ठळक कंडरा सहज हाताला लागते. सॅफेनस तंत्रिका व नीला या छिद्राच्या आणखी आत असतात. म्हणून छेद कंडरेच्या जितका जवळ तितका तो सुरक्षित असतो. हे छिद्र तुलनेने निर्धोक असल्याने सामान्यतः ते प्रथम करतात.

बाहेरील अग्र छिद्र बोटांच्या प्रसारक कंडरांच्या किंवा पेरोनियस टर्शियस ही कंडरा असल्यास तिच्या लगत बाहेरील बाजूस करतात. उत्तान बहिर्जंघा तंत्रिकेचा मधला फाटा नेमका याच प्रदेशातून जातो. छिद्र व तंत्रिका यांमधील अंतर थोड्या मिलिमीटरांचेच असते आणि काही व्यक्तींत ते जवळजवळ शून्य असते. म्हणून हे छिद्र दुसरे करतात. आतील छिद्रातून घातलेल्या संधिदर्शकाचा प्रकाश आतून त्वचेवर पाडला असता नीला व काही वेळा तंत्रिकेचे फाटे छायेच्या रूपाने दिसतात. त्यानंतर बारीक सुई त्वचेतून सांध्यात घालून तिचे टोक पडद्यावर पाहतात. सुई योग्य जागी व योग्य दिशेने आली आहे, अशी खात्री झाल्यावरच छेद घेतात.

पूर्वी या दोहोंच्या मध्ये तिसरे, मध्य छिद्रही वर्णिले जात असे. गभीर बहिर्जंघा तंत्रिका व रोहिणी त्याच्या निकट असल्याने ते आता सहसा टाळतात.

तंत्रिका दृश्य करणे : उत्तान बहिर्जंघा तंत्रिकेचे एक वैशिष्ट्य असे की, शरीरातील ज्या अगदी थोड्या तंत्रिका निरोगी स्थितीतही त्वचेखाली डोळ्यांनी दिसू शकतात, त्यांपैकी ती एक आहे. पाऊल खाली ताणून तळवा आत वळविला असता ती ताणली जाते आणि बारीक, सडपातळ व्यक्तींत घोट्याच्या पुढे दोरीसारखी उठून दिसते. चौथे बोट खाली वाकविले असता मधला फाटा अधिक स्पष्ट होतो. ही खूण २००० मध्ये वर्णिली गेली. शस्त्रक्रियेपूर्वी अशा रीतीने तंत्रिका पाहून तिचा मार्ग त्वचेवर शाईने रेखण्याचा प्रघात आहे. स्थूल व्यक्तीत किंवा घोट्यावर सूज असल्यास ती दिसत नाही; अशा वेळी श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने (सोनोग्राफीने) तिचा मागोवा घेता येतो.

परंतु रेखलेली ओळ आणि शस्त्रक्रियेच्या वेळची तंत्रिकेची जागा या दोन्ही एकच नसतात. ओळ काढताना पाऊल खाली ताणलेले व आत वळलेले असते. छेद मात्र पाऊल सरळ किंवा किंचित वर उचललेले असताना घेतात. या दोन स्थितींत तंत्रिका किती सरकते, हे पीटर द लेऊ, पाऊ गोलानो व व्हान डाइक प्रभृतींनी दहा मृत घोट्यांवर मोजले व ते २०१० मध्ये प्रसिद्ध केले. पाऊल १०° खाली व ५° आत वळविलेल्या स्थितीतून सरळ स्थितीत आणले असता तंत्रिका सरासरी २.४ मिमी. आणि ५° वर उचलले असता सरासरी ३.६ मिमी. बाहेरच्या बाजूस सरकते, असे त्यांना आढळले. केवळ अर्धा सेंमी. लांबीच्या छेदाच्या दृष्टीने हे अंतर लहान नाही. ओळीपासून दूर राहावे म्हणून जो शस्त्रक्रियाविशारद तिच्या बाहेरील बाजूस छेद घेईल, तो सरकून तेथे आलेल्या तंत्रिकेवरच शस्त्र चालविण्याचा संभव असतो. म्हणून बाहेरील अग्र छिद्र रेखलेल्या ओळीच्या आतील बाजूस, म्हणजे कंडरांच्या अंगाने घ्यावे, असा निष्कर्ष निघतो. एखाद्या अवयवाची जागा ही त्याच्या स्थितीबरोबर बदलणारी गोष्ट आहे, हे शारीराचे तत्त्व येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

छेद घेण्याची पद्धत : छिद्र कोठेही केले तरी छेद घेण्याची रीत एकच असते. शस्त्राने केवळ त्वचा कापतात. त्याचे टोक खाली खुपसत नाहीत. छेद उभा, म्हणजे तंत्रिका व कंडरा यांच्या सर्वसाधारण दिशेस समांतर घेतात. आडवा छेद त्वचेच्या वळीशी जुळत असला, तरी तो तंत्रिकेस छेदण्याचा धोका अधिक असतो. त्वचेखालील थर बोथट टोकाच्या बारीक चिमट्याने हलके फाकवीत संधिसंपुटापर्यंत जातात. तंत्रिका ही गोल, लवचिक व सैल ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) बसलेली असल्याने बोथट हत्याराच्या स्पर्शाने ती बाजूस सरते, धारदार हत्याराखाली मात्र ती कापली जाते. संधिसंपुट भेदण्यासाठीही टोकदार सळईऐवजी बोथट सळई वापरतात. त्याआधी सुईने सांध्यात लवण विद्राव भरल्यास संपुट फुगून उपास्थीपासून दूर होते व हत्याराला जागा मिळते. तीच हत्यारे पुनःपुन्हा आत-बाहेर करावी लागत असतील, तर छिद्रात नळी बसवून ठेवणे हितावह असते, कारण प्रत्येक नव्या प्रवेशाबरोबर तंत्रिका ओरखडली जाण्याची शक्यता वाढते. शेवटी छिद्र शिवतानाही टाका केवळ त्वचेतून घेणे अगत्याचे असते. खोलवर घेतलेल्या टाक्यात तंत्रिकेचा फाटा अडकू शकतो.

सांध्याच्या आत शिरल्यावर पुढील भिंतीपाशी काळजी घ्यावी लागते. तेथे संधिसंपुट पातळ असून त्याच्या पलीकडेच गभीर बहिर्जंघा तंत्रिका व रोहिणी असतात. संधिकला कापणाऱ्या फिरत्या पात्याचे तोंड पुढील भिंतीकडे वळविल्यास किंवा त्याला जोडलेले चूषण जोराचे असल्यास संपुट आत ओढले जाऊन वाहिनीला इजा होते. रोहिणीच्या भित्तीस झालेल्या अशा इजेतून काही दिवसांनी आभासी रोहिणी विस्फार, म्हणजे रक्ताने भरलेला स्पंदनशील फुगा निर्माण होऊ शकतो.

पावलाची स्थिती व कर्षण : सांध्यातील फट रुंद करण्यासाठी पाऊल खाली ओढून धरण्यास कर्षण म्हणतात. प्रारंभीच्या काळात त्यासाठी हाडात पिना घालीत; त्यामुळे पिनांच्या जागी संसर्ग, अस्थिभंग व तंत्रिकांची इजा असे उपद्रव होत. पुढे पावलाभोवती पट्टा बांधून बाहेरून कर्षण देण्याची पद्धत आली. तथापि कर्षणाने पुढील संधिसंपुट ताणले जाऊन हाडाला चिकटते, पुढील पोकळी आकसते आणि तंत्रिका व रोहिणी हत्यारांच्या अधिक जवळ येतात. उलट पाऊल वर उचलून धरले असता संपुट सैल पडते, लवण विद्रावाने पुढील पोकळी फुगते आणि त्या दोन्ही दूर राहतात. सांध्याच्या पुढील भागातील विकारांसाठी व्हान डाइक यांनी या कारणाने पाऊल वर उचललेल्या स्थितीचा पुरस्कार केला आणि कर्षण केवळ खोलवरच्या कामासाठी, तेही गरजेपुरतेच वापरावे असे प्रतिपादिले. फार जोराच्या किंवा दीर्घकाळच्या कर्षणाने, तसेच रक्तस्राव थोपविण्यासाठी मांडीला आवळलेल्या पट्ट्याच्या दाबानेही तंत्रिकांना इजा होऊ शकते. म्हणून बल व वेळ या दोहोंना मर्यादा घालतात.

मागील प्रवेशछिद्रे : टॅलसच्या मागील सुटे हाड टोचणे, अंगठ्याच्या आकुंचक कंडरेचा दाह होणे (हा विकार टाचा उचलून नाचणाऱ्या नर्तकांत विशेष आढळतो) यांसारख्या विकारांत घोट्याच्या मागून शिरावे लागते. पाऊल काटकोनात धरून बाहेरील घोट्याच्या टोकापासून अकिलीस कंडरेपर्यंत तळव्यास समांतर रेषा काढतात. या रेषेच्या किंचित वर, कंडरेला अगदी लागून बाहेरील पश्च छिद्र आणि त्याच उंचीवर कंडरेच्या आतील बाजूस आतील पश्च छिद्र करतात. बाहेरील छिद्र कंडरेपासून दूर गेल्यास स्यूरल तंत्रिका सापडते.

आतील पश्च छिद्र अंतर्जंघा तंत्रिकेच्या सान्निध्यामुळे पूर्वी निषिद्ध मानले जाई. ते सुरक्षित झाले ते दोन नियमांमुळे. पहिला असा की, बाहेरील छिद्रातून संधिदर्शक पहिल्या व दुसऱ्या बोटांमधील बेचक्याच्या दिशेने नेतात. आतील छिद्रातून घातलेले हत्यार प्रथम संधिदर्शकाच्या दांड्याला काटकोनात टेकवितात आणि मग त्याच दांड्यावरून घसरवीत हाडापर्यंत नेतात. यामुळे हत्यार तंत्रिकेच्या दिशेला वळत नाही. दुसरा नियम असा की, अंगठ्याच्या लांब आकुंचक स्नायूची कंडरा दिसल्याखेरीज काहीही कापीत नाहीत आणि ती दिसल्यावर तिच्या बाहेरील बाजूसच काम करतात. तंत्रिका व रोहिणी या कंडरेच्या आतील बाजूस असतात. कंडरा ही जणू कुंपण होय. साहाय्यकाने अंगठा हलविला असता ही कंडरा सरकताना पडद्यावर दिसते व तिच्याविषयी संशय राहत नाही.

इजेचे प्रकार व परिणाम : ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये तंत्रिकांच्या इजेचे तीन प्रकार केले. पहिल्यात दाबामुळे वा ताणामुळे संवेगवहन तात्पुरते थांबते. तंतू अखंड असतात व काही दिवसांत किंवा आठवड्यांत कार्य पूर्ववत होते. दुसऱ्यात तंतू तुटतात पण त्यांचे आवरण टिकते. तुटलेला तंतू दिवसाला सु. १ मिमी. या गतीने पुन्हा वाढतो. तिसऱ्यात संपूर्ण तंत्रिका तुटते. अशा वेळी वाढणाऱ्या तंतूंना वाट न मिळाल्यास त्यांचा गुंता होऊन वेदनायुक्त गाठ बनते. तिला तंत्रिकार्बुद म्हणतात. या जागी बोटाने टिचकी मारली असता तंत्रिकेच्या प्रदेशात विजेसारखी झिणझिणी उठते. ही खूण १९१५ मध्ये झ्यूल तिनेल यांनी वर्णिली.

उत्तान बहिर्जंघा तंत्रिकेची इजा जीवावर बेतणारी नसते आणि घोट्याच्या पातळीवर ती केवळ संवेदनावाहक असल्याने पाऊल लुळेही पडत नाही. म्हणून तिला क्षुल्लक समजण्याची प्रवृत्ती आढळते. रुग्णाचा अनुभव मात्र निराळा असतो. पावलाच्या पाठीवरची त्वचा बधिर होणे कित्येकांना सहन होते, पण तंत्रिकार्बुदावर वहाणेचा पट्टा, बुटाची नाडी किंवा पांघरुणाचा स्पर्शही असह्य होऊ शकतो. मांडी घालून बसताना घोट्याची बाहेरील बाजू जमिनीवर टेकत असल्याने भारतीय बैठकीत हा त्रास अधिक जाणवू शकतो. सांध्याच्या वेदनेपासून मुक्तता मिळावी म्हणून शस्त्रक्रियेस तयार झालेल्या व्यक्तीच्या वाट्याला अशा प्रकारे दुसरी, कधीकधी पहिलीहून त्रासदायक वेदना येते. हा संभव रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वी सांगणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते.

रिचर्ड फर्केल व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत केलेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१२ रुग्णांच्या पाहणीत ९% रुग्णांत काही ना काही उपद्रव आढळला आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे उपद्रव तंत्रिकांचे होते. अशा २७ इजांपैकी १५ उत्तान बहिर्जंघा, ६ स्यूरल, ५ सॅफेनस आणि १ गभीर बहिर्जंघा तंत्रिकेची होती. त्वचेलगतच्या तीन तंत्रिकांचा वाटा २६, तर खोलवरच्या एकीचा केवळ १, यावरून बहुतेक इजा सांध्यात नव्हे तर प्रवेशमार्गात होतात, हे स्पष्ट होते. झेंगरिंक व व्हान डाइक यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,३०५ शस्त्रक्रियांच्या पाहणीत पाऊल वर उचलण्याची पद्धत वापरून उपद्रवांचे एकूण प्रमाण ३.५% आढळले. निरनिराळ्या पाहण्यांतील रुग्ण व निकष भिन्न असल्याने अशी तुलना जपूनच करावी लागते; तरीही हे प्रमाण अटळ नाही, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

पूर्वतपासणी व उपचार : शस्त्रक्रियेपूर्वी पावलाच्या पाचही संवेदनाप्रदेशांची तपासणी करून नोंद ठेवणे आवश्यक असते. अंगठ्याची आतील कड व पावलाची पाठ, पहिले बेचके, पावलाची आतील कड, बाहेरील कड आणि तळवा या जागी कापसाच्या बोळ्याचा स्पर्श कळतो किंवा नाही, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. मधुमेहात पावलाची संवेदना आधीच मंदावलेली असू शकते. कुष्ठरोगात बहिर्जंघा, स्यूरल व अंतर्जंघा तंत्रिका जाड होऊन त्यांच्या प्रदेशात बधिरता येते. भारतात ही शक्यताही ध्यानात ठेवावी लागते. पूर्वनोंद नसल्यास शस्त्रक्रियेनंतर आढळलेली बधिरता जुनी की नवी, हे ठरविता येत नाही.

नव्याने आलेली बधिरता बहुधा पहिल्या प्रकारच्या इजेची असते व ती आपोआप ओसरते. म्हणून प्रथम काही महिने वाट पाहतात. या काळात वेदना असल्यास तंत्रिकाजन्य वेदनेवरील औषधे देतात, व्रणाचे हलके मर्दन करतात आणि घट्ट पादत्राण टाळण्यास सांगतात. तंत्रिकार्बुद बनल्याचे निश्चित झाल्यास त्या जागी बधिरीकारकाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देऊन वेदना थांबते काय, ते पाहतात. ती थांबत असेल व इतर उपायांनी गुण येत नसेल, तर गाठ काढून तंत्रिकेचे टोक स्नायूत किंवा हाडात खोलवर दडवितात, म्हणजे त्यावर दाब येत नाही. यामुळे वेदना कमी झाली, तरी त्या भागाची संवेदना परत येत नाही.

अलीकडे सु. २ मिमी. व्यासाचे सुईसारखे संधिदर्शकही उपलब्ध झाले असून केवळ स्थानिक बधिरीकरणाखाली त्यांचा उपयोग करता येतो. छिद्र जितके लहान तितका ऊतकांना होणारा आघात कमी, हे खरे. तथापि तंत्रिकेचे फाटेही एकदोन मिलिमीटरच जाडीचे असतात आणि चुकीच्या जागी घातलेली बारीक सुईही त्यांना इजा करू शकते. त्यामुळे तंत्रिका प्रथम शोधून रेखणे, पावलाच्या स्थितीनुसार ती कोठे सरकली असेल याचा विचार करणे, शस्त्राने त्वचेपलीकडे न कापणे आणि पुढचा मार्ग बोथट हत्याराने काढणे, हे चार नियम उपकरण कोणतेही असले तरी लागू राहतात.